सासऱ्यांचं श्राद्ध, माझी मॅरेथॉन

ज्या माणसाला मी आयुष्यात एकदाही पाहिलं नाही, त्याच्यासाठी मी बावीस वर्षं मुशी माशाचे तुकडे तळले. माझे सासरे माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी गेले. फोटोत ते करड्या कोटात बसलेत आणि कुणीतरी त्यांची खुर्ची ओढून घेईल असा चेहरा करून बघताहेत. थोरली सून म्हणून दरवर्षी त्यांच्या श्राद्धाचा स्वयंपाक माझ्याकडे. अख्खं ऑक्टोपस उकडायचं, मुशी काड्यांना लावून तव्यावर तळायची, पिठात घोळवलेले काप परातभर तळायचे. लसूण नाही, तिखट नाही, चव घेऊन बघायची नाही. पहिला घास त्यांचा. मग मुलगे नमस्कार करणार, जेवणार, आणि मी भांडी घासणार.

म्हणून पन्नाशीच्या आत एकदा पूर्ण मॅरेथॉन धावायची असं मी ठरवलं तेव्हा त्यात तब्येतीचा काही संबंध नव्हता. मला आयुष्यात एक गोष्ट अशी हवी होती, जी संपवल्यावर कुणाला वाढायची नसते.

गेल्या वर्षी नाव नोंदवलं होतं, पण ऐन वेळी सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. त्याच्या आदल्या वर्षी नणंदेचं घर बदलणं. यंदा मी आधी श्राद्धाची तारीख बघितली. आमच्याकडे श्राद्ध तिथीने, चांद्र वर्षाच्या सातव्या महिन्यातल्या वद्य पक्षात. गेल्या वर्षी ऑगस्ट संपता संपता आलं होतं. तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, म्हणजे यंदा पंधरा ऑगस्टच्या आसपास. सुट्टीच आहे, सगळ्यांना बरं. मग सप्टेंबरातल्या दुसऱ्या रविवारची योंगदोकची समुद्रकाठची शर्यत अगदी मोकळी. मी पैसे भरले आणि आमच्या देगू शहराच्या उकाड्यात पहाटे नदीकाठी धावायला लागले.

देगूचा उन्हाळा म्हणजे पहाटेसुद्धा कुणीतरी तोंडावर ओला टॉवेल धरल्यासारखा. घरी परत आले की नवरा, गीतेक, पेपर खाली न घेता विचारायचा, "आज कोण लागलं होतं मागे?"

"तुमची आई," मी म्हणायचे.

पहिली ठिणगी पडली जुलैत. कॅलेंडरवर नेमलेला उन्हाळ्याचा पहिला कडक दिवस म्हणून आम्ही सगळे सासूबाईंकडे जमतो आणि घामाघूम होत कोंबडीचं गरम सूप पितो. आन्दोंगजवळच्या गावात त्या एकट्या राहतात, आणि दर वेळी एकट्या राहतात हे आमच्याकडे बघून सांगतात. कोंबड्यांच्या पोटात तांदूळ भरायला मी आणि धाकटी जाऊ हेरिम. नणंद पंख्यासमोर. माहेरी तिने हात ओला करायचा नसतो, हा नियम तिनेच केलाय.

"वहिनी, किती वाळलात हो," ती म्हणाली. "मान बघा, कोंबडीसारखी झालीय."

"कोंबडी तुमच्या ताटात आहे, वन्सं. नीट बघा."

सासूबाई हाड चोखत होत्या. "या वयात अर्धी चड्डी घालून रस्त्यावर पळायचं. लोक गीतेकला विचारत असतील, बायको पळून चाललीय का म्हणून."

"श्राद्ध उरकून मगच धावणार आहे," मी म्हटलं. "तेवढं झालं की कुणाचं काही अडत नाही ना?"

सासूबाईंनी हाड खाली ठेवलं, बोटं पुसली. "धाव की. माझं काय जातंय. श्राद्ध झालं की खुशाल धाव."

इतक्या पटकन त्या कधी कशाला हो म्हणत नाहीत. पण माणसाला हवं ते ऐकू आलं की तो बाकीचं बघत नाही. मी त्या दिवशी भांडीसुद्धा गुणगुणत घासली.

जुलैच्या शेवटी त्यांचा फोन आला. "दाइनच्या आई," आमच्या लेकराच्या नावावरूनच त्या मला हाक मारतात, "गाडी घेऊन ये. अधिक महिना लागलाय. मला माझी शेवटची वस्त्रं शिवून घ्यायचीत."

आमच्याकडे अधिक महिना हा कुणाच्याच हिशेबात नसलेला महिना. त्यात देव-भुतं कुणी बघत नाहीत, म्हणून थडगी हलवायची ती तेव्हा, आणि म्हाताऱ्या माणसांनी मेल्यावरचे कपडे शिवायचे तेही तेव्हा. शिवून ठेवले की आयुष्य वाढतं म्हणतात. सासूबाईंचं आयुष्य वाढवायला मी माझा लांब पल्ल्याच्या सरावाचा शनिवार दिला आणि त्यांना आन्दोंगच्या दुकानात घेऊन गेले.

दुकानदारीण पिवळसर जाड्याभरड्या कापडाचे तागे उलगडत होती. सासूबाई प्रत्येक ताग्याला नखाने खरवडून बघत होत्या. "हे अंगाला टोचेल," म्हणाल्या.

"आजी, तुम्हाला तेव्हा काय कळणार?" दुकानदारीण हसली.

"मला कळणार. तू तुझं बघ."

शिवलेला झगा अंगाला लावून त्या आरशासमोर उभ्या राहिल्या. बाही लांब आहे म्हणून मापं पुन्हा घ्यायला लावली. मी पिना धरून उभी. अधिक महिन्याचं कौतुक त्या दुकानात दुपारभर चाललं होतं. यंदा सहावा महिना दोनदा आहे, पुन्हा कधी येईल सांगता येत नाही, तोवर मी असेन की नाही, असं सासूबाईंचं चाललं होतं. मी मान डोलवत होते. सहावा महिना दोनदा आला तर सातवा महिनाभर पुढे जातो, हे माझ्या डोक्यात आलं नाही! पिना हातात, कापड डोळ्यांसमोर, अधिक महिना कानात, आणि मी मनात बेचाळीस किलोमीटरचे तुकडे पाडत होते. स्वतःच्या हाताने स्वतःच्या गळ्याला फास लावणं याला म्हणतात.

परतीच्या वाटेवर त्यांनी ओढ्याकाठी गाडी थांबवायला लावली. आम्ही दोघी पाण्यात पाय सोडून कलिंगड खाल्लं. त्या बिया माझ्या बाजूला थुंकत होत्या. मला वाटलं, चला, एवढं तरी बरं चाललंय.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात उन्हाळ्याच्या शेवटच्या कडक दिवसाला पुन्हा सगळे जमलो. पुन्हा कोंबड्या. मी पळीने सूप वाढत म्हटलं, "ऑक्टोपसचं मी सांगून ठेवलंय. शुक्रवारी सकाळी ताजं मिळेल. मुशी हेरिम आणेल."

"शुक्रवारी काय आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"श्राद्ध नाही का?"

"कुणाचं?"

नणंद आधी हसली. म्हणजे तिलाही माहीत होतं. सासूबाईंनी डोक्यावर टांगलेल्या कॅलेंडरकडे मान न वळवता बोट केलं. मी उठून पानं उलटली. ऑगस्ट. मग सप्टेंबर. मोठ्या आकड्यांखाली बारीक तिथी छापलेल्या असतात. सप्टेंबरातला दुसरा रविवार. तोच रविवार.

मी कॅलेंडरकडे तोंड करून उभी राहिले, कारण मागे वळले असते तर हातातली पळी कुणाच्या तरी डोक्यात गेली असती.

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं," मी म्हटलं.

"कॅलेंडर माझ्या घरात आहे. मी काय आंधळी आहे? ऑपरेशन झालंय माझं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस का? थोरली सून तू. तिथी तुला माहीत हवी. वस्त्रं शिवायला मला घेऊन गेलीस तो अधिक महिना नव्हता तर काय होतं?"

गीतेकने सूप ढवळलं. "झालं असेल चुकून. पुढच्या वर्षी धाव."

"पुढच्या वर्षी मी पन्नाशीची होते."

"मग काय पाय गळून पडतात?"

मी मधला मार्ग सुचवला, अजूनही मला त्याची लाज वाटते. आदल्या दिवशी सगळा स्वयंपाक करून ठेवते, सकाळी धावते, संध्याकाळी वाढायला हजर.

सासूबाई म्हणाल्या, "आदल्या दिवशीचं शिळं मी त्यांच्यापुढे ठेवणार नाही. ते असताना कधी ठेवलं नाही."

"मग ताजं हेरिम करेल."

हेरिमने चमचा खाली ठेवला. "ताई, मी एकटी? सॉरी, मला नाही जमणार. मी दरवर्षी नुसती तुमच्या हाताखाली असते."

"वन्सं?"

"मी? माहेरी?" नणंद नुसती म्हणाली आणि पंख्याचं बटण दाबलं.

तेव्हा माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून पुरती उतरलेली नाही. "बाप कुणाचा?" मी विचारलं. "माझा? मी त्यांचा आवाज ऐकलेला नाही. त्यांना मुशी आवडायची की नाही हेही मला माहीत नाही. तुम्ही भावंडं त्यांच्या मांडीवर खेळलात. तुमचा बाप आहे. तुम्ही तळा!"

मग सासूबाई अगदी हळू म्हणाल्या, "जा. पण त्या दिवशी या उंबऱ्यातून आत आलीस तर थोरली सून म्हणून येऊ नकोस."

"पाहुणी म्हणून येते. पाहुण्यांना वाढतात तरी."

त्यानंतरचा महिना आमच्या घरात मीठ मागायलासुद्धा कुणी तोंड उघडलं नाही. गीतेक दुसऱ्या खोलीत झोपायचा. मी धावायचे. आश्चर्य म्हणजे मी जोरात धावायला लागले. ग्रुपमधले लोक विचारायचे, काय खाता? मी म्हणायचे, शिव्या. नणंद फोन करायची, आईने जेवण सोडलंय, आईचा रक्तदाब वाढलाय. हेरिमचा मेसेज यायचा, मुशी किती वेळ पाण्यात ठेवायची? मी उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं असतं तर पुढचा प्रश्न काप किती जाड असा आला असता, आणि तिसऱ्या प्रश्नाला मी स्वतः ओट्यासमोर उभी असते.

शर्यतीच्या सकाळी गीतेक माझ्याआधीच उठून आन्दोंगला निघून गेला होता. गाडी घेऊन. मी त्याच गाडीने जाणार होते, हे त्याला माहीत होतं. मी ग्रुपमधल्या एका बाईच्या गाडीत मागे, बुटांच्या पिशव्यांमध्ये बसून योंगदोकला पोहोचले.

समुद्र डाव्या हाताला होता आणि ऊनही. पहिला अर्धा भाग मी रागावर काढला. एकेकाला आठवत होते. कोंबडीसारखी मान म्हणणारी, पंख्याचं बटण दाबणारी, पेपर खाली न घेणारा. प्रत्येक चढावर मी कुणाला तरी मनातल्या मनात असं काही बोलले, जे घरी तोंडावर बोलायला मला आणखी बावीस वर्षं लागली असती. पण राग बत्तिसाव्या-तेहतिसाव्या किलोमीटरला संपला. खरंच संपला. पुढे काही नव्हतं. पोटऱ्या दगड झाल्या, नखातून रक्त आलं, आणि रस्त्याकडेला मासे वाळत घालणारी एक म्हातारी ओरडली, "अगं, घरी जा, कशाला जीव देतेस!" मी म्हटलं, "घरीच चाललेय, आजी." आणि मग मला रडू आलं. रडत, चालत, पुन्हा धावत मी पोचले. वेळेची मर्यादा संपायला थोडाच अवकाश होता. एका पोराने गळ्यात मेडल घातलं आणि लगेच मागच्या माणसाकडे वळला. मला कुणाला काही वाढायचं नव्हतं. मी रस्त्यावर आडवी झाले आणि खूप वेळ तशीच पडून राहिले.

बस पकडून, मग टॅक्सीने मी गावात पोचले तेव्हा अंधारत होतं. श्राद्ध त्यांनी उजेडातच उरकलं होतं. एरवी आमच्याकडे ते दिवे लावायच्या आधी कधीच होत नाही.

नणंद टीव्ही बघत होती. हेरिम पोरांना झोपवायच्या नावाखाली आतल्या खोलीत. गीतेकच्या दोन बोटांना पट्ट्या. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मुशी करपली."

मी वाट बघत दारात उभी राहिले. एकाने, कुणीही एकाने विचारावं, पोचलीस का शेवटपर्यंत. एवढंच. मेडल मी मुद्दाम पिशवीत ठेवलं नव्हतं.

"जेवायला आहे काही?" शेवटी मीच विचारलं.

"संपलं," सासूबाई म्हणाल्या. "उरलेलं शेजाऱ्यांना दिलं. भांडी मात्र ठेवलीत. थोरलीसाठी."

मी भिंतीला धरून, एकेक पाय हाताने उचलून स्वयंपाकघरात गेले. श्राद्धाची सगळी काशाची भांडी, ताटं, वाट्या, झाकणं, मेणबत्तीचे स्टँड, पाण्यात बुडवून ठेवली होती. टपात, परातीत, जमिनीवरच्या बादलीत. मोठ्या टपाच्या काठावर नवा घासणा, माझ्यासाठी काढून ठेवलेला.

कुकरच्या तळाशी भात होता. मी तो गार पाणी घालून उभ्याने खाल्ला, कारण बसले असते तर उठले नसते. मग वाटी त्या ढिगावर ठेवली आणि दिवा बंद केला.

सासूबाई दारात आल्या होत्या. "काशाची भांडी रात्रभर पाण्यात राहिली तर काळी पडतात."

"हो," मी म्हटलं. "पडतात."

आणि त्यांच्या बाजूने, भिंतीला धरून, मी झोपायला गेले.

सकाळी जाग आली ती भांड्यांच्या आवाजाने. कुणीतरी घासत होतं, वाईट घासत होतं, काशावर काशं आपटत होतं. कोण ते बघावं असं वाटलं. पण पाय हलेनात, म्हणून मी कूस बदलली आणि परत झोपले.