शपथेचे पिल्लू

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. मी एक जुनी काचेची पेटी आहे, आणि कैरोतल्या आमच्या घराचा चार मजल्यांचा जिना स्वतः उतरून मी साप पारखायला गेले होते. हसू नका. पाण्याची मातीची वाटी माझ्या पोटातच आहे. तिला मध्ये बोलायची वाईट खोड आहे, पण साक्षीला ती बरी.

आधी माझ्यात मासे होते. मी गळू लागले तेव्हा मासे गेले, आणि बारा वर्षांच्या रद्वाने मला मागून घेतले. तिने तळाशी चार बोटे वाळू पसरली आणि शुक्री मामाच्या मागे टुमणे लावले. तिला मांडूळ पाळायचे होते.

मामाने शुक्रवारच्या बाजारातून, शेख बय्यूमीच्या कापडी पिशवीतून, एक वीतभर पिल्लू आणले. आमच्याकडे साप धरणारे शेख सापाला शपथ घालतात. शपथेतला साप चावत नाही, असे सगळेच मानतात.

"बघ कसं शहाण्यासारखं पडलंय! जीभसुद्धा काढत नाही," मामा म्हणाला.

"पण मामा, मांडूळ वाळूत शिरतं ना? हे तर वरच पडलंय."

"शपथ आहे गं त्याला! शिरेल कसं?"

मी आतून ओरडत होते. अरे, ही शपथ नाही, दुखणे आहे! त्याच्या नाकपुडीवर बुडबुडे येत होते, तोंड अर्धवट उघडे होते, श्वासाला शिट्टीसारखा आवाज होता. माझ्या काचेवर त्या श्वासाची वाफ धरली. मामाने ती रुमालाने पुसली! पुसली, आणि म्हणाला, "काच किती घाण आहे."

माणसांना काच आरपार दिसावी लागते. काचेवर काय आले आहे, ते कोणी वाचत नाही.

दोन गल्ल्या सोडून फिक्रिया नावाच्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई राहतात. रद्वा रोज म्हणायची, "दाखवून आणू या." मामा रोज म्हणायचा, "शेखचा अपमान होईल." चौथ्या दिवशी ती पिल्लाला ओढणीत गुंडाळून एकटीच धावली. तासाभराने परत आली तेव्हा ओढणी तशीच होती, पण ती धावत नव्हती.

"बाई म्हणाल्या, तीन दिवस आधी आणायचंस, पोरी," एवढेच ती बोलली.

पिल्लू तुळशीसारख्या वासाच्या रैहानच्या कुंडीत पुरले. मला गच्चीत टाकले आणि माझ्यात कांदे भरले. वाटी स्वयंपाकघरात मिठाला गेली. सात महिने मी कांद्यांना मोड येताना पाहिले.

मग डॉक्टरीणबाईंकडच्या मांडुळीला पिल्ले झाली. मित्रांनो, इथे मी कमाल केली. मी जिना उतरले आणि रद्वाच्या आधी तिथे पोचले. तिने लोळत पडलेले गोंडस पिल्लू उचलले की मी काच वाजवायचे. मी शिकवले म्हणून तिने नाक कोरडे आहे का ते पाहिले, तोंड मिटलेले, डोळे स्वच्छ, शेपटीखाली घाण नाही, अंग बोटाला घट्ट लागते, हे सगळे पाहिले. वाळूवर सोडताच जे क्षणात आत गडप झाले, तेच तिने मागितले. मीच तिला विचारायला लावले, "हे खातं का? मला खाताना दाखवा." बाई खूश होऊन म्हणाल्या, "दोनदा खाऊ दे, मग ने. तोवर पेटी उकळत्या पाण्यानं धू, आणि ती जुनी वाळू फेकून दे."

म्हणून सांगते, मित्रांनो, निमूट पडलेल्या जिवाला गुणी म्हणू नका. आधी त्याचा श्वास ऐका. माझ्यासारखी जाणती पेटी प्रत्येकाच्या घरी नसते, जी जिना उतरून...

"पुरे गं, थापाडे!" वाटी ओरडली. "त्या दिवशी तुझ्या पोटात दहा किलो कांदे होते, मी खिडकीतून बघत होते! पोरगी एकटी गेली होती. आणि कुठं काय बघायचं, ते तिला कुंडीतल्या पिल्लानं शिकवलं. तू नाही."