सहावा वाटा

मी एक जुनं जाळं आहो, मित्रांनो. मासे धराचं. सिंदेवाहीकडल्या एका तलावाच्या पाळीवर दोन बांबूंवर वाळत पडलो आहो.

मनसारामभाऊनं मले आठ वर्षाआधी विणलं. खाली शिशाच्या गोळ्या, वर थर्माकोलचे तुकडे. तेव्हा रोहू सुटत नव्हता. लोक म्हणत, "भाऊ, हे जाळं नाई, पिंजरा हाय."

मनसारामभाऊ, त्याचा पोरगा, लटारूकाका अन् आणखी दोघं, असे पाच जण मले ओढतेत. पण वाटे सहा पडतेत. सहावा माहा. त्याचे मासे विकून माह्यासाठी दोरा येते. ढीग कितीही सारखे करा, एखादा मोठा होतेच. म्हणून एक जण पाठ फिरवून उभा राह्यते. मनसारामभाऊ एकेका ढिगावर काडी ठेवते अन् विचारते, "हा कोणाचा?" पाठमोरा माणूस नाव घेते. त्याले ढीग दिसत नाई. मंग भांडण नाई.

पाठ फिरवाचं काम मिथुनचं, मनसारामभाऊच्या पोराचं. माह्या वाट्याच्या पैशाचा डबाही त्याच्याच जवळ.

मिथुन चोवीस वर्षाचा. मोबाइलवर बंदुकांचा गेम खेळे. हात चांगला होता त्याचा. एका स्पर्धेत पार वरच्या दहात गेला. "जिंकलो त बक्षिसातून नवीन जाळं आणतो," बहिणीले, पायलले, म्हणे. मी बाजूलेच लटकून होतो. मले बरं वाटलं का, आठवत नाई.

मंग गडचांदूरकडचा एक जण त्याले रोज हरवू लागला.

"चार गोळ्या मारल्या त्याले. मेलाच नाई! त्यानं एकच मारली, अन् मी बाद!" मिथुन म्हणाला.

"त्यानं सोनेरी बंदूक विकत घेतली ना, दादा," पायल म्हणाली. "तो खेळून नाई राह्यला, बाजार करून राह्यला."

"मंग मी बी घेतो. डब्यात आहेत पैसे."

"ते जाळ्याचे होय!"

"जाळ्यासाठीच त लावतो."

"जाळ्याले विचारलं का गा?"

कोणी नाई विचारलं.

बंदूक आली. चार दिवस जिंकला. पाचव्या दिवशी गेमवाल्यानं तिच्याहून भारी बंदूक विकाले काढली, अन् मिथुनची तीच बंदूक कमी मारू लागली. शेवटच्या सामन्यात दोन मिनिटात बाद.

डबा रिकामा. माह्या पोटात हातभर भोक, अन् बुजवाले दोरा नाई. तसंच मले तलावात ओढलं. मासे आत आले अन् आले तसे निघून गेले. मले काही वाटलं नाई. पाणी गेल्यासारखं गेलं.

"दोरा काऊन नाई आणला?" मनसारामभाऊनं विचारलं. मिथुननं सारं सांगितलं. म्हाताऱ्यानं उरल्यासुरल्या मासोळ्यांचे सहा वाटे पाडले.

"फिर."

मिथुन फिरला.

"हा कोणाचा?"

"लटारूकाकाचा."

असे चार गेले. "हा?"

"जाळ्याचा."

एकच ढीग उरला. नाव बी एकच उरलं होतं. "अन् हा कोणाचा?"

"जाळ्याचा."

"झाला ना जाळ्याचा!"

"हा बी जाळ्याचाच, बाबा."

तीन आठवडी बाजार झाले या गोष्टीले. मिथुन अजून आपलं नाव घेत नाई. भोक अर्धं बुजलं. घरी पायल आपल्या ताटातला तुकडा त्याले देते, तो खाते.

मित्रांनो, गेम खेळा. मी जाळं, मले त्यातलं काय समजते. पण पैसे टाकाच्या आधी एवढं पाहा. तिथं नाव घेणारा पाठ फिरवून उभा हाय का, का गेमवाला ढीग पाहूनच वाटून राह्यला?