अकरा उन्हाळ्यांच्या कुरडया

शैलजाला सोनालीचा मत्सर वाटत होता. पन्नाशी उलटलेल्या, विज्ञानाचा इतिहास शिकवणाऱ्या बाईला आपल्याच विद्यार्थिनीचा मत्सर वाटावा, याची लाजही वाटत होती. पण लाजेनं पोटदुखी थांबते थोडीच.

पांडेसऱ्याच्या कारखानी वस्तीतल्या कापडगिरण्यांचा धूर आसपासच्या लोकांनी कसा ओळखला, त्याविरुद्ध अर्जविनंत्या कशा केल्या, यावर ती सहा वर्षं पुस्तक लिहीत होती. कागद तिच्याकडे ढीगभर, माणसं मात्र सोनालीकडे. सोनाली तिथल्याच नवागाम वस्तीतली, घरात अहिराणी बोलणारी. शैलजा गेली की तिथल्या बायका खुर्ची पुसून द्यायच्या, कपबशीतून चहा द्यायच्या आणि गप्प बसायच्या. सोनाली गेली की तिच्या हातात सोऱ्या द्यायच्या आणि जगभराचं बोलत बसायच्या.

मंगळवारी सोनालीचा फोन आला. "मॅडम, आमच्या चाळीतल्या धुरपदाबाईंकडे एक डबा आहे. दर उन्हाळ्यात त्या अगाशीवर कुरडया वाळवतात ना, त्यातल्या मूठभर मागे ठेवतात. डबा कधी रिता होऊ द्यायचा नाही म्हणून. दर वर्षाची वेगळी पुरचुंडी, अकरा वर्षांच्या आहेत. जुन्या पांढऱ्याशुभ्र, मग करड्या होत गेल्यात. धूर कधी वाढला ते सरळ डोळ्यांना दिसतं. गुरुवारी दोघी जाऊ या?"

"जाऊ या," म्हणून शैलजानं फोन ठेवला आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सहा वर्षं दफ्तरांतली धूळ मी खाल्ली, आणि घबाड हिच्या हाती? उद्या लेखही हीच लिहिणार, आणि माझ्या पुस्तकात मी हिचे आभार मानायचे. छे, ते काही व्हायचं नाही.

बुधवारी सकाळीच ती रिक्षा करून एकटी नवागामला गेली.

धुरपदाबाईंनी खुर्ची पुसली. सोनालीचं नाव काढायचं नाही, असं शैलजानं वाटेतच ठरवलं होतं. कशासाठी आलो तेही सांगितलं तर सोनालीचं नाव निघणार, म्हणून तिनं तेही गिळलं. एवढंच म्हणाली, "तुमचा तो कुरडयांचा डबा आहे ना, त्याच्यासाठीच आले."

म्हातारीचा चेहरा उजळला. सहा वर्षांत या बाईनं तिच्या घरी चहापलीकडे काही तोंडाला लावलं नव्हतं. "बसा ताई," म्हणत ती लगबगीनं आत गेली.

शैलजानं वही उघडली, वर तारीख घातली, मोबाइल फोटोसाठी तयार ठेवला. पहिल्या प्रकरणाचं नावही मनात जुळवलं. तापल्या तेलाचा वास आला, तेव्हा तिला वाटलं, शेजारी कुणी तरी तळतंय. असल्या चाळीत कुणाचा वास कुठून येतो ते कळतच नाही.

धुरपदाबाई परात घेऊन बाहेर आल्या. परात शिगोशीग भरलेली, कुरडया फुलून एकमेकींत गुंतलेल्या. मागे ओट्यावर डबा उपडा पडला होता आणि शेजारी जुन्या लुगड्यांच्या अकरा चिंध्या, गाठी सोडलेल्या.

"सगळ्या?" शैलजानं डब्याकडे बोट केलं.

"बठ्याच तयी टाक्या ताई," धुरपदाबाई कौतुकानं म्हणाल्या. "सोनालीनी सांगेल शे, ह्या डबाले कोन्ही हात लावू नका. तिनी सोता फोटोबी काढा नही. म्हने, पहिला मान मॅडमना शे. आज तुमी सोता मांगी लिन्ह्यात, मंग ठेवू कसाले?"

शैलजाच्या हातातली वही मांडीवर मिटली. मत्सर कुठल्या कुठे गेला आणि जी लाज उरली, ती मात्र पुरून उरणारी होती.

"खावा ना ताई."

तिनं एक कुरडई उचलली. ती कुठल्या उन्हाळ्याची, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. कुरडई कुरकुरीत झाली होती; तिनं ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

धुरपदाबाईंनी ओट्यावरची एक निळी चिंधी उचलून झटकली.

"सोनालीसाठे थोड्या बांधी देऊ?"