शेजारचं कार्ड

मेहुण्याच्या कार्टूनपटांच्या ऑफिसात त्याला सगळे दाजीच म्हणत, झाडूवालासुद्धा. नोकरी बायकोच्या शब्दावर मिळालेली, त्यामुळे कामापेक्षा रुबाब जास्त. चार कॉम्प्युटर मोडीत काढून एकच दांडगं मशीन घ्यायला त्यानंच लावलं होतं. त्या मशीनच्या पोटात सॉफ्टवेअरनं पाडलेले चार आभासी कॉम्प्युटर, एकेका चित्रकाराला एक, आणि प्रत्येकाला पडद्यावर चित्र उमटवणारं स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड. "एकाचं बिघडलं तरी दुसऱ्याला पत्ता लागणार नाही," असं तो छातीठोकपणे सांगून बसला होता.

त्या दुपारी एका चित्रकारानं आपला आभासी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला, तर त्याचं कार्ड काही जागं होईना. अशा हट्टी कार्डाला खात्रीचा उपाय एकच: सगळ्यांना काम सेव्ह करायला सांगायचं आणि अख्खं मशीन बंद करून चालू करायचं. पण मग फुशारकीचं काय? त्या एकट्या कार्डाला रीसेट लागू पडत नव्हता, म्हणून दाजीनं ते मशीनच्या आत ज्या सामायिक मार्गावर जोडलं होतं त्या मार्गालाच रीसेट द्यायचं ठरवलं. त्याच मार्गावर शेजारी काकूंचं कार्ड होतं. मार्गाला रीसेट दिला की त्यावरची सगळीच कार्डं एकदम बंद पडतात; मशीननंही नको म्हणून सांगितलं. बघू, निभावेल, म्हणत दाजीनं जबरदस्तीनं हुकूम सोडला.

हट्टी कार्ड जागं झालं आणि काकूंचा स्क्रीन काळा पडला.

काकू तिथल्या सगळ्यांत जुन्या चित्रकार. गिऱ्हाईकाला दाखवायचा प्रसंग त्या सकाळपासून रंगवत होत्या.

"दाजी, माझं सगळं गेलं हो!"

"मधूनमधून सेव्ह करायला काय होतं, काकू?" दाजी बोलून गेला. चोर तो चोर, वर शिरजोर! शब्द तोंडातून निघाले आणि त्याचे कान तापले.

मेहुणा आधी मशीनच्या खोलीत जाऊन आला, मग त्यानं सगळ्यांदेखत काकूंना झापलं. पुढचा चित्रपट दुसऱ्याला देईन म्हणाला. "चुकलंच माझं," म्हणत काकू पुन्हा पहिल्यापासून रंगवायला बसल्या. दाजीला त्यांच्या पाठीकडेसुद्धा बघवेना. स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती. शेवटी तो मेहुण्याच्या केबिनमध्ये शिरला.

"काकूंचा काही दोष नाही. त्यांचं कार्ड माझ्यामुळे गेलं."

"माहितीये, दाजी. मशीनवर बघितलं मी."

"कधी?"

"काकूंना बोलायच्या आधी."

"अरे, मग त्यांना कशाला बोललास?"

मेहुण्यानं मान खाली घातली. "काम गेलं म्हटल्यावर कोणाला तरी बोलावंच लागणार होतं. घरच्या जावयाला चारचौघांत कसं बोलू?"

त्यानं दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी परवडलं असतं. काचेपलीकडे काकू मान मोडून रंगवत होत्या. त्यांच्यापर्यंत जायचं होतं आणि दाजीचे पाय उचलत नव्हते.