सफाराद नेमकं कुठे?

शुक्रवारी दुपारी निसीम अल्तारास मास्तर वर्गाच्या खोलीला कुलूप लावत होते, तेवढ्यात याकोव सापोर्ता जिन्यात वाट अडवून उभे राहिले. सापोर्ता हे यरुशलेमच्या एका जुन्या गल्लीतल्या सिनेगॉगचे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराचे, कारभारी, आणि वर्गातल्या एलियावचे आजोबा.

"पोराला काय शिकवलंत?" त्यांनी विचारलं.

मास्तरांच्या लगेच ध्यानात आलं. एकतीस वर्षं ते या खोलीत मुलांना संदेष्ट्यांची पुस्तकं सुरात वाचायला शिकवत होते. शब्बाथचं, म्हणजे शनिवारच्या प्रार्थनेतलं, ते वाचन इथे मुलांकडेच असे. मास्तर शेजारी उभे राहून सूर कुठे चढवायचा, कुठे उतरवायचा ते हाताच्या खुणांनी दाखवत. उद्या ओबद्या संदेष्ट्याचं पुस्तक होतं आणि पाळी एलियावची. त्यात सफारादातल्या यरुशलेमच्या बंदिवानांचं वचन येतं. एलियावने विचारलं होतं, संदेष्ट्याच्या काळी आपली माणसं स्पेनपर्यंत पोचली तरी होती का? मास्तरांनी सांगितलं, की जुने जाणते सफाराद म्हणजे स्पेनच मानतात, धर्मग्रंथाच्या जुन्या अरामी भाषांतरातही तसंच आहे. पण काही अभ्यासक म्हणतात की ते तुर्कस्तानातलं सार्दिस हे प्राचीन शहर. तिथल्या एका दगडावर हे नाव कोरलेलं सापडलं आहे. मग खरं कुठलं? मास्तर म्हणाले होते, मला माहीत नाही.

"आम्ही सफारादी," सापोर्ता म्हणाले. "तिथून हाकलल्यावरही पाचशे वर्षं स्पेनचं नाव लावून जगलो. आणि तुम्ही पोरांना सांगता, माहीत नाही?"

उद्या वाचनाआधी सगळ्यांसमोर उभं राहून चूक झाली म्हणायचं, असं त्यांनी बजावलं. नाहीतर वाचनाला मास्तरांनी शेजारी उभं राहायचं नाही, आणि रविवारपासून वर्ग दुसऱ्याकडे.

त्या रात्री मास्तर तेच वचन पुन्हा पुन्हा वाचत बसले. चूक झाली, एवढे दोनच तर शब्द. पण ते म्हटले तर उद्या कुठलं मूल प्रश्न विचारील?

सकाळी सिनेगॉग भरलं होतं. बातमी गल्लीभर झालेली. सापोर्तांनी मास्तरांचं नाव पुकारलं आणि मास्तर उठले.

"मी मुलांना दोन मतं सांगितली," ते म्हणाले. "त्यातलं खरं कुठलं, ते मला काल माहीत नव्हतं, आजही नाही."

आणि ते खाली बसले.

सापोर्तांचा चेहरा दगडासारखा झाला. ते स्वतःच नातवाच्या शेजारी जाऊन उभे राहिले. एलियावने सुरुवात केली, पहिली वचनं बरी गेली. मग सफारादाचं वचन आलं आणि तो थबकला. सवयीने त्याने शेजारच्या हाताकडे पाहिलं. आजोबांचा हात वर गेला, म्हणून त्याने सूर चढवला. तिथे तो उतरायला हवा होता. वाचणारा चुकला की इथे कुणी गप्प बसत नाही. चारी बाजूंनी दुरुस्ती झाली. पोराने पुन्हा वाचलं, हात पुन्हा वर, पुन्हा चूक. बायकांच्या सज्जातून कुणीतरी म्हणालं, "अहो, पोराला कशाला बुडवताय?"

एलियावने वळून मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी आपला हात मांडीखाली दाबून धरला होता. इथून खूण केली असती तर पोर सुटलं असतं, पण आजोबांची लाज गेली असती.

सापोर्तांनी हळूहळू हात खाली घेतला. मग ते एक पाऊल बाजूला सरले.

"मास्तर," ते म्हणाले, "या. तुमची जागा आहे ही."

मास्तर गेले. त्यांचा हात उतरला, तसा सूरही उतरला, आणि पोर शेवटपर्यंत वाचत गेलं.

प्रार्थनेनंतर अंगणात बोरेका, म्हणजे चीज भरलेल्या करंज्या, आणि रात्रभर शिजलेली तपकिरी अंडी मांडली होती. सापोर्ता अंडं सोलत मास्तरांशेजारी आले.

"माझी आजी कसाब्याची," ते खाली बघूनच म्हणाले. "तुर्कस्तानात, इझमीर बंदराच्या आतल्या बाजूला. तुमचं ते सार्दिस तिथून गाढवावर दीडेक दिवसाच्या वाटेवर. लहानपणी तिथले पडके खांब पाहिल्याचं सांगायची."

"मग हे कधी बोलला नाहीत?"

"कुणी विचारलं नाही." त्यांनी सोललेलं अंडं मास्तरांच्या हातावर ठेवलं. "रविवारी वर्गाला मी येणार आहे. मागच्या बाकावर बसेन. स्पेनबद्दल कमी बोललात, तर मी तिथेच भांडेन."

"हात वर करून भांडा," मास्तर म्हणाले. "वर्गाचा नियम आहे."