भटू आप्पाची पायली

मी एक जुनी पायली आहे, मित्रांनो. पायली म्हणजे धान्य मोजायचं माप. लोखंडी पत्र्याची, चार शेरांची, काठ घासून गुळगुळीत झालेली. आता मोजायला मला कुणी हात लावत नाही. का, ते सांगते. गोड लागणार नाही.

नंदुरबारच्या एका लोहाराने मला घडवलं आणि कोरीटच्या भटू मापाऱ्याने घेतलं. कोरीट-धानोऱ्याच्या खळ्यांवर ज्वारीची रास पडली की आप्पाला बोलावणं यायचं. पहिल्या पायलीला तो ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे. मग दोन, तीन. राशीला ‘एक’ म्हटलं तर बरकत जाते, अशी आमच्याकडची रीत. रास संपली की तो मला पालथी घाली. मोजणी झाली, याची ती खूण. पायली हलवून धान्य दाबायची लबाडी त्याने जन्मात केली नाही. लोक म्हणत, “भटूनं माप म्हनजे देवनं माप.” तेव्हा माझाही तोरा काही कमी नव्हता.

साठ सालानंतर किलो आले. जुनी मापं बंद, असा हुकूम चावडीवर वाचला गेला. आप्पाचा मुलगा प्रेमचंद सोसायटीच्या नव्या काट्यावर बसला आणि मी खुराड्यावर पडले. त्याच वर्षी आप्पाची बायको जसोदाबाई गेली. आप्पा भिंतीकडे तोंड करून बसू लागला. भाकरी ठेवली तर ठेवली, नेली तर नेली. बोलणं थांबलं. घरचे म्हणाले, वय झालं. वय झालं म्हटलं की सगळ्यांचे हात मोकळे!

मुलगी सिंधुबाई माहेरी आली, तिला हे बघवेना. ती आप्पाला चिंचपाड्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या वयस्कर सिस्टरबाईंचं सांगणं तिने घरी येऊन सगळ्यांना ऐकवलं: “मन खचलंय त्यांचं. काय होतंय ते विचारू नका. काय काय केलं ते विचारा. हातात जुनी वस्तू द्या आणि रोज ऐकत बसा.”

सिंधुबाईने मला घासलं, ओट्यावर ज्वारी ओतली. “आप्पा, इतली मोजी द्या ना. माले जमत नही.”

आप्पा हलला नाही. मग तिनेच मला भरलं आणि मुद्दाम गदागदा हलवलं. तसा त्याचा हात पुढे आला.

“हालावू नको, पोरी. माप खोटं व्हस.”

चार महिन्यांतले ते पहिले शब्द. मग त्याने मला भरलं आणि म्हणाला, “लाभ.” माझा पत्रा शहारला.

रोज दुपारी आमची मोजणी चाले. जसोदाबाई खळ्यावर भाकरी आणायची आणि त्याला चुकवायला मध्येच भलता आकडा म्हणायची, हे त्याने दहादा सांगितलं. सांगताना रडायचा, मग हसायचा, मग जेवायला मागायचा. महिन्याभरात माणूस माणसात आला. सिंधुबाई निश्चिंत होऊन सासरी गेली.

पुढच्याच आठवड्यात काटा तपासायला तालुक्याचा साहेब येणार होता आणि चहाला आमच्या ओट्यावर बसणार होता. बंद झालेलं माप ओट्यावर कसं चालेल? प्रेमचंदने मला उचललं. “आप्पा आते बरा शेतस ना? मंग हाई कसाले पाहिजे?” आणि माझ्या बुडात मोठा खिळा ठोकून आरपार भोक पाडलं. साहेबाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुपारी आप्पाने मला भरलं. “लाभ.” उचललं तर ज्वारी खाली. पुन्हा भरलं. “लाभ.” तीन दिवस तो दोनपर्यंत पोचला नाही. निरोप मिळताच सिंधुबाई धावत आली. तिने भोकात चिंधीचा बोळा कोंबला.

आप्पाने तो बोटाने काढून टाकला. “माप खोटं व्हस,” म्हणाला. मला हळूच पालथं घातलं आणि भिंतीकडे वळला. त्यानंतर तो बोलला नाही. पुढची ज्वारी खळ्यावर यायच्या आत गेला.

मित्रांनो, घरातलं म्हातारं माणूस बोलू लागलं, तर ‘बरं झालं’ म्हणून उठून जाऊ नका. दहादा ऐकलेलं अकराव्यांदा ऐका. त्याच्या हातातली वस्तू काढून घेऊ नका.

प्रेमचंदने आता माझ्यात तुळस लावली आहे. भोक आयतंच होतं. पाहुणे आले की तो मला दाखवून सांगतो, “ही आमच्या आप्पांची आठवण.”