टिकटिकणारी डिस्क

बाजारात तिला सगळे डॉक्टरीण म्हणत. बिघडलेल्या डिस्कमधून लोकांच्या फायली ओढून काढायच्या हा तिचा धंदा, आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आजारी डिस्कची आधी पूर्ण प्रत काढायची, दुरुस्ती त्या प्रतीवर करायची, मूळ डिस्कला हात लावायचा नाही, ही तिची रीत. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला ती सांगे, "मग समोरच्या दुकानात जा. तिथे लवकर मारतात."

एका सकाळी तिची स्वतःची लेकच डिस्क घेऊन आली. चार वर्षं खपून पोरीने एक चित्रपट केला होता, हाताने, एकेक चित्र काढत. हजारो चित्रं. शुक्रवारी तो पाठवला की परदेशातल्या कलाशाळेत तिची जागा पक्की होती. आणि आता कॉम्प्युटर म्हणत होता, फाइल सिस्टिममध्ये बिघाड आहे, फोल्डर उघडत नाही.

"दुसरीकडे कुठे ठेवलंयस का?"

"नाही गं. तू घरात असताना मला कशाला लागतंय?"

डॉक्टरणीने डिस्क चालू करून कान लावला. आत टिकटिक होत होती, म्हणजे जास्त ताण दिला तर ती मरणार. चित्रं अजून शाबूत होती, फक्त कुठलं चित्र कुठे ठेवलंय याचा हिशेब विस्कटला होता. दोन दिवस सावकाश प्रत काढली असती तर शुक्रवारच्या आत सगळं जिथल्या तिथे आलं असतं. हे तिला लगेच कळलं. मग हेही कळलं, की पोर गेली की घरात आपण एकटी. नवरा गेल्यापासून ही लेक आणि हे दुकान, एवढंच तिचं होतं.

"जा, चहा पिऊन ये," ती म्हणाली.

लेक गेली. आईने प्रत काढली नाही. दुरुस्तीचा प्रोग्रॅम तिने थेट मूळ डिस्कवर सोडला. त्याने विचारलं, दुरुस्त करू का? तिने 'हो' दाबलं. आपण काय करतोय हे तिला पुरतं ठाऊक होतं. काचेतून लेक चहावाल्याशी हसत बोलताना दिसत होती. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर डॉक्टरणीने त्याची सालटी काढली असती, पण पोटच्या पोरीचा गळा तिने केसाने कापला. टिकटिकीची हळूहळू खरखर झाली.

अर्ध्याहून जास्त चित्रं कोरी निघाली. उरलेली आली ती नावं हरवून, एका ढिगात. कुठल्यामागून कुठलं, ते आता कोण सांगणार?

लेक आईच्या गळ्यात पडली. "तू होतीस म्हणून एवढं तरी वाचलं."

आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. लाज वाटली, नाही असं नाही, पण त्याहून जास्त बरं वाटलं.

शुक्रवार गेला. लेक दुकानात बसून काम शिकू लागली. आईला आभाळ ठेंगणं झालं.

पहिल्याच आठवड्यात एक शिक्षक लग्नाचे फोटो असलेली डिस्क घेऊन आला. लेकीने ती मशीनला जोडली आणि सरळ दुरुस्ती सुरू करायला हात पुढे केला.

"थांब," आई म्हणाली. "प्रत कुठाय? टिकटिकतेय ती, ऐकू येत नाही का? सगळं जाईल ना त्यांचं."

सवयीने तोंडातून निघून गेलं. लेकीने हात मागे घेतला. तिने शिक्षकाला पावती लिहून दिली, तो बाहेर पडला.

"माझीही टिकटिकत होती," मग ती म्हणाली. "माझी प्रत का नाही काढलीस?"

आईने खोटं बोलायला तोंड उघडलं, पण निघालं ते खरंच. "तू गेली असतीस गं."

लेकीने आदळआपट केली नाही. शिक्षकाची डिस्क प्रत काढायला लावली, टेबल पुसलं. आईला वाटलं, निभावलं. आपलीच पोर, चार दिवसांत विसरेल.

संध्याकाळी दोघी जेवायला बसल्या. आईने तिच्या ताटात दोन घास जास्तच वाढले. लेकीने ते उचलून परत पातेल्यात घातले.

"मी कुठेही जाणार नाही, मॅडम," ती शांतपणे म्हणाली. "उद्या दुकान किती वाजता उघडायचं, तेवढं सांगा."